आज्जीचे चार कोंबडे

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला. कौलारू घर, मागं परडं, परड्याला लागून काजूची झाडं आणि त्याच्या पलीकडं रान. १९८० च्या दशकात, मी शाळेत असताना, त्या परड्यात आज्जीच्या तीसेक कोंबड्या आणि चार कोंबडे मोकळे फिरायचे. शेताच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव, म्हशीच्या दुधाचे पैसे काकांकडं. घरात आज्जीचं स्वतःचं असं काही असेल तर ते हे एवढंच. अंड्यांचे पैसे ती डब्यात ठेवायची आणि माझ्या वह्या-पुस्तकांना त्यातूनच द्यायची.

आल्यागेल्याचा प्रश्न ठरलेला, "एवढे कोंबडे कशाला? मारामाऱ्या करत नाहीत?" आज्जीचं उत्तरही ठरलेलं. एक जत्रेला, एक राखणेला, एक जावई आला तर, आणि एक कळपाला. म्हणजे गावदेवाच्या आणि सोयऱ्यांच्या हिशेबानं घरात कोंबडे वाढायचेच. प्रश्न होता तो त्यांना एकत्र नांदवायचा.

तिची रीत अशी. चारही कोंबडे शक्यतो एकाच खुडूक कोंबडीखाली निघालेले. लहानपणीच आपसांत टोचाटोची करून कोण मोठा, कोण धाकटा ते ठरवून टाकायचे. परका कोंबडा ती परड्यात आणायचीच नाही. दाणे एका जागी न टाकता चार ठिकाणी टाकायची, पाण्याची मडकीही दोन. त्यामुळं तांबडा उकिरड्यापाशी, कवडा गवताच्या गंजीखाली, काळा फणसाखाली आणि उघड्या मानेचा बोडका कुंपणाच्या कडेला, असा ज्याचा त्याचा कोंबड्यांचा घोळका व्हायचा. भांडण झालं तर हरलेल्याला पळायला मोकळी जागा असायची. "खुराड्यात कोंडलेलं भांडण जीव घेतं, परड्यातलं भांडण पळून संपतं," असं ती म्हणायची. कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं उडालेली दिसली की समजायचं, कोंबडे जास्त झाले. मग एकाची रवानगी बाजारात. कुणाच्या तुऱ्याला रक्त आलं की लगेच हळद आणि चुलीची राख, कारण लाल दिसलं की बाकीचे तिथंच टोचतात.

चार कोंबड्यांचा फायदाही होता. घार दिसली की एक आवाज, मुंगूस दिसलं की वेगळा आवाज. आज्जी स्वयंपाकघरातनं आवाज ऐकूनच ओरडायची, "वर बघ रे, घार!"

आता माझी चूक सांगतो. सातवीची परीक्षा संपली होती. माझ्या आत्तीचं बाळंतपण होतं म्हणून आज्जी गोव्याला, वाळपईला गेली होती. कोंबड्या माझ्यावर सोपवून जाताना म्हणाली, "त्यांचं ते बघून घेऊलालेत, तू मधी पडू नको." पण तांबडा बोडक्याला दाण्याजवळ येऊ द्यायचा नाही, सारखा हुसकवायचा. मला वाटलं, हा अन्याय आहे. मी तांबड्याला धरलं आणि गोठ्यात डालग्याखाली झाकून ठेवलं. दाणा-पाणी वेळेवर द्यायचो. पंधरा दिवस परड्यात शांतता. मी खूश.

आज्जी येणार म्हणून निरोप आला तेव्हा आदल्या दिवशी दुपारी तांबड्याला सोडलं. तोवर कवड्यानं त्याची जागा घेतली होती. दोघं जे भिडले ते सुटेचनात. मी बादलीभर पाणी ओतलं, काठी घातली. तांबडा पंधरा दिवस बसून अंगानं ढिला झालेला, एक डोळा गेला, डोकं रक्तबंबाळ. रात्रीत तो मेला. मी घाबरून काजूखाली पुरला आणि गप्प बसलो.

आज्जी शेवटच्या बसनं आली. रात्री मी काहीच बोललो नाही. पहाटे अंधारात पहिली बांग झाली, तशी ती अंथरुणात उठून बसली. "हा कवडा आरवला. तांबड्याला काय झालं?"

मी रडत सगळं सांगितलं. ती रागावली नाही. बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाली, "तू त्याला कोंडलंस न्हवं, त्याची जागा काढलीस." मग म्हणाली, कोंडायचाच होता तर डालगं परड्यातच, सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवायचं. दिसत राहिला की विसरत नाहीत.

पुढं कितीतरी वर्षांनी वाचनात आलं, की कळपातली ही थोरली-धाकटी उतरंड नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२२ मध्ये शास्त्रात मांडली. ते लहानपणापासून कोंबड्या निरखत असत. आणि २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की पहाटे सगळ्यांत वरचा कोंबडा आधी आरवतो, बाकीचे त्याच्यामागून आपापल्या पायरीनं. वरचा काढला तर दुसरा सुरुवात करतो. मी ते वाचलं आणि मला अंथरुणात उठून बसलेली आज्जी दिसली. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला हे आवाजावरून कळत होतं.

आणखी एक गोष्ट. पाळीव कोंबडी मूळची तांबड्या रानकोंबड्याच्या वंशातली. पण तिच्या पिवळ्या कातडीचा गुण करड्या रानकोंबड्याकडून आला, असं २००८ च्या संशोधनात निघालं. तो करडा रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतलाच. आमच्या परड्यामागच्या रानात तो ओरडायचा आणि इकडं तांबडा मान वर करून ऐकायचा. म्हणजे रानातला तो एका अर्थी सोयराच होता.

नंतर गिरिराजाची पिलं आली. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं काढलेली ही जात अंगानं मोठी, अंडी जास्त. वाईट नव्हती, पण काकांनी ती बाहेरून आणून एकदम कळपात सोडली. परक्यांची आणि घरच्यांची रोजची मारामारी सुरू झाली. त्यातच एका उन्हाळ्यात मानमोडी आली, म्हणजे राणीखेत. आठ दिवसांत खुराडं रिकामं. आज्जीनं परत कोंबड्या धरल्या नाहीत. डबाही मग रिकामाच राहिला.

आता गावी गेलो की पहाटे जाग येते. बांग ऐकू येते, पण एकाचीच, लांबून कुठून तरी. तिला उत्तर देणारा दुसरा नसतो.

तुमच्या गावाकडं कोंबडे कसे नांदवत होते, ते जाणत्या बायांना विचारून जरूर लिहा. हे उताऱ्यावर कुठं सापडायचं नाही.