बास्केटबॉलचे जनक : नेस्मिथ गुरुजी

बदल्यांच्या निमित्ताने ज्या ज्या गावी आमचे बिऱ्हाड हलले, तेथील शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलचे दोन खांब बहुधा दृष्टीस पडलेच. परंतु या खेळाच्या जनकाचे चरित्र आपणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म १८६१ साली कॅनडातील ऑल्माँट गावाजवळ झाला. नवव्या वर्षीच मातापित्यांचे छत्र हरपले. मामाने सांभाळ केला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे शिक्षक असता, थंडीमुळे व्यायामशाळेत कोंडल्या गेलेल्या अठरा विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि नवा खेळ जन्मास आला.

१८९८ साली ते कॅन्सस प्रांतातील लॉरेन्स या लहानशा गावच्या विद्यापीठात रुजू झाले. पत्नी मॉड व पाच मुलांसह त्यांचा संसार तेथेच फुलला. १९०७ पर्यंत ते संघाचे प्रशिक्षक होते. विजय ५५, पराजय ६०! विजयांहून पराजय अधिक असलेले त्या विद्यापीठाचे ते एकमेव प्रशिक्षक. पण खेळ जिंकण्यासाठी नव्हे, माणूस घडविण्यासाठी, ही त्यांची श्रद्धा. खेळापासून त्यांनी धन जोडले नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला जाण्यासाठी इतर प्रशिक्षकांनी त्यांच्याकरिता निधी जमविला.

१९३९ साली लॉरेन्स येथेच त्यांचे देहावसान झाले. जन्मभूमी दूर राहिली, तरी जेथे अन्नपाणी लाभले तेथील मुलांना त्यांनी आपले मानले. परप्रांती नांदणाऱ्या आपणांस याहून मोठा धडा कोणता?