हिसॉप
हिसॉप : तुळशीच्या कुलातील (लॅमिएसी) एक सुगंधी, बहुवर्षायू उपझुडूप. शास्त्रीय नाव हिसोपस ऑफिसिनॅलिस. मूलस्थान दक्षिण यूरोप व पश्चिम आशिया. उंची ३०–६० सेंमी.; खोडाचा तळ काष्ठमय; पाने अरुंद व समोरासमोर; फुले बहुधा निळी, क्वचित गुलाबी वा पांढरी. परसबागेतील या वनस्पतीचा इतिहास हा बऱ्याच अंशी तिच्या नावाचा इतिहास आहे.

बायबलच्या जुन्या करारात इझ्राएल लोकांनी ईजिप्त सोडण्याच्या रात्री कोकराचे रक्त दाराच्या चौकटीस ‘एझोव्ह’च्या जुडीने लावल्याचा उल्लेख आहे. शुद्धीकरणाच्या विधींतही ही वनस्पती लागे. हिब्रू ग्रंथाच्या ग्रीक भाषांतरात तिच्यासाठी ‘हिसोपॉस’ हा शब्द योजला गेला आणि लॅटिनद्वारे तो यूरोपीय भाषांत रूढ झाला. तथापि आजचे हिसॉप पॅलेस्टाइनमध्ये नैसर्गिक रीत्या वाढत नाही. त्यामुळे मूळ एझोव्ह ही मरव्याच्या जवळची ओरिगॅनम सिरिॲकम ही जाती असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मराठी बायबलमध्ये मात्र हिब्रू शब्दाशी जवळीक राखणारा ‘एजोब’ हा शब्द आढळतो.

डायॉस्कोरिडीझ या ग्रीक वैद्याने इ. स. पहिल्या शतकात खोकला व दमा यांवर अंजीर आणि मध यांसह हिसॉपचा काढा सांगितला आहे. त्याची वनस्पती आजचीच होती काय, याविषयी मतभेद आहेत. बाराव्या शतकात जर्मन मठाध्यक्षा हिल्डेगार्ड हिने तिचे औषधी गुण नोंदविले. इंग्लंडमध्ये टॉमस टसरने १५७३ मध्ये घरातील जमिनीवर पसरावयाच्या सुगंधी वनस्पतींत तिची गणना केली. वारंवार छाटणी सोसत असल्यामुळे नक्षीदार वाफ्यांच्या कडेलाही ती लावीत. लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिलेल्या नावातील ‘ऑफिसिनॅलिस’ हे पद तिचा औषधी वापर दर्शविते.

लागवडीस भरपूर ऊन व निचऱ्याची, शक्यतो चुनखडीयुक्त जमीन लागते. पाणी साचल्यास मुळे कुजतात. नवीन रोपे बिया, छाट कलमे किंवा मुळांसह केलेल्या विभाजनाने तयार करतात. वसंत ऋतूत छाटणी केल्यास झाड दाट राहते. ते जून होऊन तळाशी उघडे पडू लागल्यामुळे साधारणतः तीन-चार वर्षांनी बदलतात. फुलांवर मधमाश्या मोठ्या संख्येने येतात. पाने थोड्या प्रमाणात स्वादासाठी वापरतात. परंतु बाष्पनशील तेलातील पिनोकॅम्फोनासारख्या घटकांमुळे आकडी येऊ शकते, म्हणून ते पोटात घेणे धोक्याचे असते.

युनानी वैद्यकात हिसॉपला ‘जूफा’ म्हणतात. भारतीय बाजारात मात्र याच नावाने नेपेटा ब्रॅक्टिॲटा ही वेगळी वनस्पतीही विकली जाते. म्हणून औषधासाठी केवळ प्रचलित नावावर विसंबून न राहता वनस्पतीची शास्त्रीय ओळख पटविणे आवश्यक ठरते.