‘घरचे सांभाळतील’ : एका जुन्या सबबीचा इतिहास

सरकारने म्हाताऱ्यांना पेन्शन दिली की मुले आई-बापाला विचारेनाशी होतात, असे आपण नेहमी ऐकतो. हा युक्तिवाद कोणाच्या सोयीचा आहे, हे दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासातून कळते.

तिथे १९२८ मध्ये वृद्धांना सरकारी पेन्शन देणारा कायदा झाला. गोऱ्यांना आणि ‘कलर्ड’ गणलेल्यांना ती मिळाली. आफ्रिकी आणि भारतीय वंशाच्या लोकांना वगळले गेले. कारण काय? तर म्हणे, आफ्रिकी रूढीप्रमाणे नातेवाईकच म्हाताऱ्यांना सांभाळतात! पण १९१३ च्या जमीन कायद्याने याच लोकांना राखीव क्षेत्राबाहेर जमीन घ्यायला बंदी केली होती. तरणी पोरे खाणीत, म्हातारे गावात. सांभाळायचे साधन हिरावून घ्यायचे आणि वर रूढीचे गोडवे गायचे, ही चलाखी आपल्याला नवी नाही. १९४४ मध्ये आफ्रिकी वृद्धांना पेन्शन मिळाली, पण गोऱ्यांपेक्षा कितीतरी कमी. रक्कम समान व्हायला १९९३ उजाडले.

मग कुटुंबे मोडली का? अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांच्या २००४ च्या अभ्यासात दिसले की, पेन्शनच्या प्रत्येक रँडमागे बाहेरगावच्या मुलांची मदत २५ ते ३० सेंटने घटली. म्हणजे किमान ७० सेंट म्हाताऱ्यांच्या हाती जास्तच राहिले. जे घटले, ते मजूर मुलाच्या खिशात उरले. त्यात वाईट काय? एस्थर दुफ्लो यांना २००३ मध्ये आढळले की, आजीला पेन्शन मिळणाऱ्या घरांत नातींचे पोषण सुधारले.

आता आपल्याकडे पाहू. संविधानाचे कलम ४१ सांगते की, राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे वृद्धापकाळी सरकारी साहाय्याचा हक्क मिळवून द्यावा. महाराष्ट्राने मात्र योजनेला नाव दिले ‘श्रावणबाळ’! म्हणजे हक्क राज्याने द्यायचा आणि कावड पुत्राच्या खांद्यावर. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. महिन्याला १,७५० रुपये. पोराने मजुरीत याहून चार पैसे जास्त मिळवले की कचेरी त्यालाच श्रावणबाळ ठरवते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पेन्शन देताना मुलाची मजुरी मोजू नका. म्हातारपण ज्याचे, हक्क त्याचा. माया घरचे करतीलच. ती सरकारी जबाबदारीला पर्याय नाही.