रात्री दहानंतर गाणं जातं कुठे?

आजचा भाग एका जागेबद्दल आहे. मुंबईत लोअर परळला, मथुरादास मिलच्या आवारात, डिसेंबर २००७ मध्ये ब्लू फ्रॉग नावाचं ठिकाण सुरू झालं आणि २०१६ मध्ये बंद झालं. या काळात तिथे रात्री असे बँड वाजले, ज्यांची गाणी सिनेमात नव्हती, रेडिओवर नव्हती आणि वरातीतल्या डीजेकडे तर अजिबातच नव्हती.

मी मंठ्याचा. आमच्याकडे असं काही नाही, हे मान्य. पण हा विषय मुंबईपुरता नाही, हे शेवटपर्यंत ऐकलंत तर लक्षात येईल. प्रश्न दोनच आहेत: नवीन आवाजाला छोटी जागाच का लागते? आणि ती जागा टिकत का नाही?

थोडं मागे जाऊ. मुंबईत धोबी तलावला रंगभवन नावाचं उघडं नाट्यगृह आहे. १९७८ मध्ये जॅझ यात्रा महोत्सव सुरू झाला, तेव्हा सॅक्सोफोनवाला सनी रोलिन्स थेट अमेरिकेतून वाजवायला आला होता. १९८६ मध्ये इंडिपेंडन्स रॉक सुरू झालं, तेही रंगभवनातच. वर आकाश, समोर कॉलेजची पोरं, आणि आवाज मस्त लांबपर्यंत जायचा. नेमकी हीच अडचण झाली. आजूबाजूला हॉस्पिटलं आहेत, कॉलेज आहे.

सन २००० मध्ये केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम आणले. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. आणि सगळीकडे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ही वेळेची मर्यादा उचलून धरली. रंगभवनातल्या मैफली त्याआधीच थांबल्या होत्या.

नियम वाईट नाही बरं का. हॉस्पिटलात आपलं माणूस ॲडमिट असलं की तो पटतो. पण त्यात एक बारीक वाक्य आहे: बंद सभागृहात, आतल्या आत, रात्रीही आवाज चालतो. म्हणजे ज्याच्याकडे भिंती आणि छप्पर, त्याची रात्र. ज्याच्याकडे कनात आणि तंबू, त्याचा खेळ दहाला संपला. तमाशाचे फडमालक वर्षानुवर्षं हीच तक्रार करतात. जत्रेतला तमाशा रंगायचाच मुळात दहानंतर. गण, गवळण, बतावणी, मग वग, आणि उजाडेपर्यंत खेळ. सरकार वर्षातले काही मोजके दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, एवढंच.

आता ब्लू फ्रॉगकडे या. ध्रुव घाणेकर आणि आशुतोष फाटक हे जाहिरातींचं संगीत करणारे दोघे, आणि त्यांच्यासोबत आणखी काही मित्र. गिरणीच्या आवारातलं जुनं गोदाम घेतलं. आत स्टेज, बार, जेवण, शिवाय रेकॉर्डिंग स्टुडिओ. रचना सेरी आर्किटेक्ट्सची. बसायला गोल गोल कप्पे, एकेका कप्प्यात चार ते दहा माणसं, आणि स्टेजपासून लांब जाल तसे ते उंच होत जाणारे. त्यामुळे मागच्यालाही स्टेज दिसतं आणि पुढे उभं राहून नाचणारा आड येत नाही.

त्याआधी मुंबईच्या बारमध्ये बहुतेक बँडना काय वाजवावं लागायचं? दुसऱ्यांची गाजलेली इंग्रजी गाणी. गिऱ्हाईक ओळखीचं मागतं. ब्लू फ्रॉगने स्वतःची गाणी असलेल्या बँडना जागा दिली. पेंटाग्राम वाजलं, इंडियन ओशन वाजलं. शायर अँड फंक हे तर दोघांचंच काम: मोनिका डोग्राचा आवाज, रँडॉल्फ कोरियाची गिटार, आणि बाकीचं मशीनमधून. याला रॉक म्हणायचं की नाचायचं इलेक्ट्रॉनिक म्हणायचं, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं.

अशा जागेचं खरं काम हे आहे. फोनवर तुम्हाला गाणं आवडलं नाही तर पाच सेकंदांत स्किप. ॲप पुढच्या वेळी तसलं गाणं दाखवतच नाही. छोट्या हॉलमध्ये तुम्ही तिकीट काढून बसलेले असता. पहिली दहा मिनिटं काहीच कळत नाही, पण उठून जात नाही. अकराव्या मिनिटाला कुठेतरी ठेका सापडतो. वाजवणाऱ्यालाही समोरचे चेहरे दिसतात. कुठे कंटाळले, कुठे मान हलली, ते त्याला तिथल्या तिथे कळतं. आणि एखादी रात्र फसलीच, तर दोनशे माणसांसमोर फसते, दहा हजारांसमोर नाही. नव्या गोष्टीला आधी फसायला जागा लागते.

ही गोष्ट त्याच भागात आधीही घडलेली आहे. लोअर परळ म्हणजे गिरणगाव. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. जुन्या तमाशाचा साचा घेतला, त्यात गिरणी कामगाराचा प्रश्न भरला. ढोलकी तीच, डफ तोच, पण विषय संप, भाडं, भूक. आज आपण फ्यूजन म्हणतो ना, ते चाळीच्या पटांगणात ऐंशी वर्षांपूर्वी झालं होतं. परळलाच १९२२ पासून दामोदर हॉल उभा होता. कोकणातून आलेल्या कामगारांची नाटकं तिथे व्हायची. आणि दादरला छबिलदास शाळेचा हॉल. १९७४ पासून आविष्कार संस्थेने तिथे प्रायोगिक नाटकं केली. साधा शाळेचा हॉल, पण त्याच्या नावाने चळवळच ओळखली गेली.

मग १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. बऱ्याच गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. त्या मोकळ्या शेडमध्ये पुढे ऑफिसं, हॉटेलं, बार आले. ब्लू फ्रॉग त्यातलंच एक. म्हणजे जी जागा कामगाराच्या हातून गेली, तिथेच नव्या संगीताला छप्पर मिळालं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एक सांगताना दुसरी लपवू नये.

छप्पर मिळालं म्हणून सगळं सुरक्षित, असंही नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री जवळच्याच कमला मिल्समधल्या रूफटॉप पबला आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. बाहेर पडायचा रस्ता मोकळा आहे का, हे साउंडचेकच्याही आधी बघायचं असतं.

आणि टिकण्याचं गणित? न्यूयॉर्कमध्ये हिली क्रिस्टलने १९७३ मध्ये सीबीजीबी नावाचा बार काढला. नियम एकच: बँडने स्वतःची गाणी वाजवायची. रामोन्स, टॉकिंग हेड्स, पॅटी स्मिथ तिथे वाजून पुढे गेले. २००६ मध्ये भाड्याच्या वादात तो बंद झाला आणि नंतर तिथे कपड्यांचं दुकान आलं. दामोदर हॉलही २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाला. जागेच्या किमतीपुढे दोनशे तिकिटं कमी पडतात. आणि बँड मोठा झाला की तो मोठ्या मैदानात जातो. ज्या जागेने त्याला घडवलं, तिच्या गल्ल्यात त्यातलं फारसं काही येत नाही.

आता आपल्याकडे या. मराठवाड्यात छोट्या जागेतला रात्रीचा लाइव्ह कार्यक्रम नवा नाही. लग्नानंतर घरी गोंधळ घालतात. अंगणात चौक मांडलेला, दिवटी पेटलेली, संबळ, तुणतुणं, झांज, आणि समोर घरचीच चाळीस-पन्नास माणसं. गोंधळी आख्यान लावतो, पण समोरच्यांचा रंग बघून तिथल्या तिथे लांबवतो, आखडतो, मध्येच विनोद टाकतो. परभणीचे गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदम याच परंपरेतले. कलाकार आणि ऐकणारा यांच्यात चार हातांचं अंतर, ही गोष्ट आपल्या आज्यांना माहीत होती.

मग मंठ्यात, परतूरला, जिंतूरला नेमकं काय नाही? वाजवणारी पोरं आहेत. फोनवर बीट बनवणारे आहेत, रॅप लिहिणारे आहेत, संबळ वाजवणारे तर घरोघरी होते. नाही ती फक्त एक खोली, जिथे महिन्यातून एकदा आपलं स्वतःचं काहीतरी लोकांसमोर वाजवून बघता येईल. आणि त्यासाठी गिरणी लागत नाही. मंगल कार्यालयं लग्नसराई सोडली तर रिकामीच पडून असतात. एक हॉल, तीस खुर्च्या, दोन स्पीकर, संध्याकाळी सातची वेळ. दहाच्या आत आवरायचं, शेजाऱ्यांना आधी सांगायचं, दार मोकळं ठेवायचं. आणि सीबीजीबीचा तो एक नियम पाळायचा: गाणं स्वतःचं.

पहिली रात्र फसेल. फसू दे. दुसरी करा.

तुमच्या गावात अशी एखादी जागा होती का, बंद पडलेली टॉकीज, वाचनालयाचा हॉल, काहीही? घरातल्या मोठ्यांना विचारा आणि मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, आणि जमलं तर इअरफोन काढून, चार माणसांत बसूनही ऐका.