पाऊस कोणी मोजायचा?



आज इतवारीत बोलायचं म्हणून आम्ही तीन नल चौकातून मुद्दाम पायी आलो. एखाद्या चौकाला नळांचं नाव पडावं, म्हणजे एकेकाळी या वस्तीत नळाच्या पाण्याचं केवढं अप्रूप असणार! आजचा विषय सरकारी कामांतल्या सल्लागारांचा, तुमच्या भाषेत कन्सल्टंटचा. पण सुरुवात त्या पाण्यापासूनच करू.

नागपूरची अंबाझरीची नळयोजना १८७३ साली पुरी झाली. ती करणारा इंजिनीयर अलेक्झांडर बिनी १८६८ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला आला होता. त्याच्यापुढचा प्रश्न दिसायला साधा होता. तलावाच्या वरच्या रानात जो पाऊस पडतो, त्यातलं किती पाणी खरोखर वाहून तलावात येतं? विलायतेतलं गणित इथे लागू पडेना. तिथे वर्षभर भुरभुर, आपल्याकडे चार महिन्यांत सगळा हिशेब. मग त्याने नागपूरजवळच्या सुमारे १६ चौरस किलोमीटरच्या पाणलोटात १८६९ आणि १८७२ या दोन वर्षांत प्रत्यक्ष मोजमाप केलं. पहिला पाऊस तहानलेली जमीनच पिऊन टाकते. हंगाम पुढे सरकतो तसा वाहून येणाऱ्या पाण्याचा वाटा वाढतो. ही वाढ त्याने टक्केवारीत मांडली. विदर्भातल्या तलावांचा येवा काढायला तो तक्ता वापरात आला, आणि जलशास्त्राच्या पुस्तकांत तो आजही बिनीच्याच नावाने शिकवतात.

यात आम्हाला गौरवगीत गायचं नाही. राज्य परक्यांचं होतं, इतवारीला कोणी विचारलं नव्हतं. मुद्दा एवढाच की पाऊस मोजणारा माणूस खात्याचा पगारी नोकर होता.

गंमत पुढे आहे. बिनी विलायतेत परतला, नंतर लंडन काउंटी कौन्सिलचा मुख्य इंजिनीयर झाला आणि १९०१ मध्ये ते पद सोडल्यावर त्याने सल्लागाराचा व्यवसाय थाटला. त्यातून वाढलेल्या कंपनीने पुढे हाँगकाँगपर्यंत पाणीयोजना केल्या. म्हणजे ज्ञान आधी सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक नोकरीत तयार झालं; बाजारात गेलं नंतर. आता हा क्रम उलटा झालाय का, हा आमचा प्रश्न आहे.

बाहेरचा सल्ला मुळातच वाईट, असं कृपा करून समजू नका. पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये हिंदुस्थानात आला आणि त्याने अनेक नगरपालिकांना अहवाल लिहून दिले; त्यांत आपलं नागपूरही होतं. तोही बाहेरचाच. पण तो गल्लीबोळ पायी हिंडायचा आणि जुनी वस्ती सरसकट पाडू नका, म्हणून भांडायचा.

आता आपल्या काळाकडे या. २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान आलं. केंद्राचा पैसा हवा, तर आधी शहर विकास आराखडा द्या, मग प्रत्येक कामाचा सविस्तर प्रकल्प अहवाल द्या. मुदत थोडी, कचेरीत माणसं थोडी. २०१५ च्या स्मार्ट सिटी अभियानात तर प्रस्ताव लिहायलाच प्रत्येक शहराला २ कोटी रुपये दिले गेले, आणि सल्लागार कंपन्यांची यादी मंत्रालयानेच तयार ठेवली. नागपूरची निवड २०१६ मध्ये झाली.

यामागे हिशेबाचीही एक खोच आहे, बरं का. महापालिकेत कायमचा अभियंता नेमला, की त्याचा पगार आस्थापना खर्चात पडतो, आणि आपल्या राज्यात त्या खर्चाला उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांची मर्यादा आहे. सल्लागाराची फी मात्र सहसा प्रकल्पाच्या खर्चात मिसळून जाते. त्यामुळे आपला माणूस महाग दिसतो आणि पाहुणा फुकटात आल्यासारखा वाटतो. केंद्राचे २०१७ चे वित्तीय नियम सांगतात की सल्लागार नेमायचा तो नेमून दिलेल्या कामापुरता आणि ठरलेल्या मुदतीपुरता. पण ज्या कचेरीत ते काम जाणणारा कोणी उरलाच नाही, तिथे मुदत संपणार कशी?

प्लेटोच्या 'खार्मिडीस' या संवादात सॉक्रेटिस विचारतो: ज्याला वैद्यक येत नाही, त्याने खरा वैद्य आणि भोंदू वैद्य ओळखायचा कसा? हा प्रश्न आम्ही आयुष्यभर वर्गात शिकवला. आणि निवृत्तीनंतर एका सार्वजनिक संस्थेच्या समितीवर आमच्यापुढे सल्लागाराचा जाडजूड अहवाल आला, तेव्हा आम्ही काय केलं? शुद्धलेखनाच्या चार चुका दाखवल्या आणि सही केली. अहवाल चांगला असेल, वाईटही असेल. ते सांगू शकणारे संस्थेतले गृहस्थ आधीच निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा रिकामी होती. आम्हाला ते ठाऊक होतं. तरी सही केली. ती सही आजही खुपते.

म्हणून मागणी मोठी नाही. सल्ला जरूर घ्या, पण तो तपासणारा एक तरी माणूस आपल्या पगारावर ठेवा. आणि सल्लागार जाईल तेव्हा त्याची मोजमापं आपल्या दप्तरात राहू द्या. पुढच्या वेळी एखाद्या योजनेचं सादरीकरण होईल, तेव्हा तुम्ही एवढंच विचारा: हा आकडा कोणी मोजला, आणि तो चुकला तर आपल्याकडे कोणाला कळेल?

आम्ही विचारलं नाही. तुम्ही विचारा. थांबतो.