ऑर्डरीची छायाचित्रे

आदिलाबाद, निर्मल, किनवट किंवा राजुरा अशा एखाद्या गावी, बाजारपेठेच्या तोंडाशी, ज्याने आपले लहानसे छायाचित्रालय थाटले आहे, अशा माणसाचा एक आठवडा, श्रोतेहो, डोळ्यांपुढे आणून पाहा. सोमवारी तो शाळेच्या दहावीच्या वर्गाचे समूहचित्र घेतो. मंगळवारी कुणाचे लग्न असते. बुधवारी पोलीस ठाण्यातून बोलावणे येते आणि रस्त्यावरील अपघाताच्या पंचनाम्यासाठी त्याला उलटलेल्या वाहनाभोवती फिरावे लागते. गुरुवारी एखाद्या सरकारी योजनेचे लाभार्थी नव्या विहिरीच्या कठड्यापाशी ओळीने उभे करावयाचे असतात. आणि शुक्रवारी एखाद्या घरी, पार्थिव उचलण्यापूर्वी, शेवटचे एक छायाचित्र. या सर्व कामांना त्याच्या बोलीत एकच शब्द आहे : ऑर्डर. त्याला पगार नाही, भरपगारी रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. मी शिक्षक असल्याने समूहचित्राच्या दिवशी बाके मांडण्याचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडे आले आहे. मुख्याध्यापकांना मान किंचित उंच करा असे सांगण्याचे धैर्य साऱ्या शाळेत त्या एका दिवशी त्या एका माणसालाच असते, हे मी पाहत आलो आहे.

जो बोलावील त्याच्या दारी जाणाऱ्या या व्यवसायाला इतिहास आहे, आणि त्यातील सर्वांत मोठे नाव आपल्याच मुलखाशी निगडित आहे. आजचा आदिलाबाद, तसेच औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड हे सारे ज्या निजामाच्या राज्यात होते, त्या राज्याचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्याविषयी आज बोलावयाचे आहे.

दीनदयाळ मूळचे या भागातले नव्हेत. त्यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना या गावी एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन महाविद्यालयात त्यांनी स्थापत्याचे शिक्षण घेतले, आणि १८६६ साली ते होळकरांच्या इंदुरास बांधकाम खात्यात नोकरीस लागले. काम नकाशे काढण्याचे आणि खर्चाचे अंदाज करण्याचे. छायाचित्रणाकडे ते वळले ते १८७४ च्या सुमारास, म्हणजे तिशीत. इंदुरास त्यांना दोन आश्रयदाते लाभले : महाराज तुकोजीराव होळकर, दुसरे, आणि तेथील इंग्रज अधिकारी सर हेन्री डेली. व्हाइसरॉय नॉर्थब्रुक, त्यानंतर प्रिन्स ऑफ वेल्स, असे एकेक पाहुणे या नकाशानवीस कारकुनाच्या कॅमेऱ्यासमोर येऊन बसले. १८८२ साली सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत त्यांनी मध्य हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंचा दौरा केला. त्या दौऱ्यातील छायाचित्रांचे पुस्तक १८८६ साली प्रसिद्ध झाले.

मग त्यांनी जे केले ते आपल्यातील पुष्कळांना वेडेपणाचे वाटेल. प्रथम रजा घेतली, आणि पुढे ती सरकारी नोकरीच सोडून दिली. सरकारी चाकरी म्हणजे घराण्याचा उद्धार असे मानण्याचा तो काळ होता. छायाचित्रकाराचा धंदा हिंदी माणसाने पूर्वी केला नव्हता असे नाही. मुंबईत हरिश्चंद्र चिंतामण यांचे छायाचित्रालय होते, आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू नारायण दाजी हेही या कलेत निपुण होते. परंतु तो मुंबईचा वैभवशाली बाजार होता. दीनदयाळांनी १८८६ मध्ये सिकंदराबादेस दुकान थाटले. एका बाजूस इंग्रजांची छावणी, दुसऱ्या बाजूस निजामाचा दरबार, आणि दोहोंनाही स्वतःची प्रतिमा पाहण्याची हौस. जागेची निवड करण्यात हा स्थापत्यशास्त्री चुकला नव्हता.

त्या काळी हे काम अंगमेहनतीचे होते, हे आज खिशात कॅमेरा बाळगणाऱ्यांना सांगावेच लागेल. जुन्या ओल्या प्लेटच्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा थर द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवून चित्र घ्यावयाचे, आणि थर वाळण्याच्या आत काळ्या कापडाच्या तंबूत जाऊन धुवावयाची. सारे काही मिनिटांत. उन्हाळ्यात दख्खनच्या कोरड्या वाऱ्यात थर किती लवकर सुकत असेल याची कल्पना करा. म्हणून छायाचित्रकाराबरोबर काचा, बाटल्या, पाण्याच्या पखाली आणि तंबू असे बिऱ्हाडच निघे. तयार कोरड्या प्लेटा १८८० नंतर हळूहळू प्रचारात आल्या, आणि मगच शिकार, फौजेच्या कवायती, मिरवणुका अशी हलती कामे पेलता येऊ लागली. दीनदयाळांचा भरभराटीचा काळ आणि या प्लेटांचा प्रसार एकाच वेळी झाला, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना आपले छायाचित्रकार नेमले आणि १८९४ साली राजा ही पदवी देऊन मुसव्विर जंग असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. जंग हा किताब कॅमेरा चालविणाऱ्याला मिळाला. तरीही दीनदयाळांनी आपले दुकान बंद केले नाही. दरबाराचा माणूस असूनही ते सर्वांचे राहिले, आणि जो पैसे देई त्याचे काम करीत. इंग्रज पलटणींचे गट, उमरावांचे वाडे, व्हाइसरॉयचे दौरे, सारे त्यांच्या वहीत होते. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी निराळे छायाचित्रालय उघडले आणि ते एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविले. स्त्रियांनी स्त्रीसमोर बसावे आणि पुरुषाने आत पाऊल टाकू नये, एवढी व्यवस्था केल्यावर जनान्याचे दार उघडले. १८९६ साली त्यांनी मुंबईतही शाखा काढली. त्याच वर्षी मुंबईत प्लेगने पाय ठेवला. धंद्याला मुहूर्त लागतो, पण तो नेहमी लाभतोच असे नाही.

आता माझ्या मते जो या विषयाचा गाभा आहे, तिकडे वळतो. १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हैदराबाद राज्यात आले असता वरंगळकडील नेकोंड्याजवळ वाघाची शिकार झाली. मेलेला वाघ पुढ्यात, आणि मागे कर्झन पतिपत्नी, असे ते छायाचित्र सर्वत्र गेले. त्याच संस्थेच्या त्याच वर्षांतील कामात, दोनच वर्षांपूर्वीच्या, दुसऱ्या काही काचा आहेत. १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद भागात निजाम सरकारने मदतीची कामे काढली, आणि त्या कार्याची छायाचित्रे घेण्याचे काम दीनदयाळांकडे आले. ऑर्डर देणाऱ्याचा हेतू स्पष्ट आहे. सरकार रयतेस अन्न देत आहे हे दिसावे, अहवालाला चित्रे जोडता यावीत. परंतु कॅमेऱ्यासमोर उभ्या केलेल्या माणसांच्या बरगड्या मोजता येतात. त्यांना ओळीने उभे केले आहे, अगदी जसे फौजेच्या तुकडीला करतात तसे, कारण समूहचित्राची रीतच ती.

छायाचित्रकाराने येथे निषेध नोंदविला असे मी म्हणत नाही. त्याने ऑर्डर पुरी केली. पण शिकारीच्या चित्राचा ग्राहक वेगळा होता, दुष्काळाचा वेगळा, जनान्याचा वेगळा. त्यांतील कोणालाही दुसऱ्याची चित्रे आपल्या चित्रांशेजारी लावावीत असे वाटले नसते. ती शेजारी आली ती एकाच माणसाने सर्वांची कामे घेतली म्हणून. पगारी दरबारी चित्रकाराने बहुधा केवळ दरबारच मागे ठेवला असता. मिळेल ते काम घेणाऱ्या दुकानदाराने एका राज्याचा पोशाख आणि त्याखालची हाडे, दोन्ही मागे ठेवली. कलावंताने ऑर्डरी घेऊ नयेत असे सांगणाऱ्या टीकाकारांनी या काचा एकदा पाहाव्यात.

दीनदयाळ १९०५ साली निवर्तले. योगायोग असा, की आदिलाबादला स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा मिळाला तोही त्याच वर्षी.

आणि येथे या व्यवसायाची दुसरी बाजू येते. छायाचित्राची ऑर्डर देण्यास पैसा लागतो, निदान कोणातरी पैसेवाल्याला आपण चित्रात हवे असावे लागते. पैनगंगेच्या दक्षिणेकडील डोंगरांतील गोंड, कोलाम, परधान यांच्याजवळ पैसा नव्हता आणि त्यांची कोणाला गरजही नव्हती. त्यांच्या कसत्या जमिनी जंगल खात्याने राखीव म्हणून आखल्या, सावकार व नवे शेतकरी आत शिरले, आणि या रोषातून कुमराम भीम उभा राहिला. १९४० साली जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी तो पडला. त्यानंतर मात्र सरकारला या माणसांविषयी जाणून घ्यावेसे वाटले.

जाणून घेण्याचे काम ज्यांच्याकडे आले ते क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ व्हिएन्नाचे मानवशास्त्रज्ञ होते. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते हिंदुस्थानात होते, आणि जर्मन पारपत्रामुळे त्यांना हैदराबाद राज्याबाहेर जाण्याची मोकळीक राहिली नाही. पत्नी बेट्टी यांच्यासह ते मारलवाई या गोंडांच्या गावी झोपडी बांधून राहिले. त्यांनी काढलेली छायाचित्रे आज लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेच्या संग्रहात आहेत. दिवाळीच्या दिवसांत मोरपिसांचे उंच मुकुट घालून नाचणारे गुसाडी, देवांच्या पूजा, शेतातील खळी, घरांचे ओटे. हे छायाचित्रकार कोणाच्या ऑर्डरीने चौकट आखीत नव्हते, आणि चित्रांत ते जाणवते. माणसे ओळीत उभी नाहीत, ती आपल्या कामात आहेत. तथापि त्यांच्या मागे सरकारची परवानगी होती, आणि १९४५ साली ते त्याच सरकारचे आदिवासींविषयीचे सल्लागारही झाले. तेव्हा येथेही खर्च कुणीतरी करीतच होते. फरक एवढाच, की त्या छायाचित्रांबरोबर जमिनीच्या पट्ट्यांचे आणि शाळांचे काम आले.

शाळांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४३ साली मारलवाईस गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले, आणि गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके तयार झाली ती देवनागरी लिपीत. कारण त्या डोंगरांत बाहेरच्या जगाशी बोलण्याची भाषा मराठी होती. पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात आले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिला, आणि गोंडांची मुले रेषेच्या दोन बाजूंना दोन निराळ्या लिप्यांतून शिकू लागली. आता मारलवाई आणि जोडेघाट ही गावे २०१६ च्या नव्या वाटणीनुसार कुमराम भीम यांच्याच नावाच्या जिल्ह्यात मोडतात. बेट्टीबाई १९८७ साली हैदराबादेस वारल्या. त्यांचे दफन मारलवाईलाच झाले.

दीनदयाळांच्या काचांचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. गिऱ्हाइकाने चित्र नेले की काच दुकानातच राहावयाची, अशी या धंद्याची जुनी चाल. त्यामुळे धनी गेले, दरबार गेला, तरी काचा पेट्यांतून पडून राहिल्या. १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांतील २,८५७ काचा विकत घेतल्या. ज्यांनी ऑर्डरी दिल्या होत्या त्यांच्या वाड्यांतून कित्येक चित्रे नाहीशी झाली असतील. नकारात्मक प्रती मात्र, कोण राजा आणि कोण दुष्काळी मजूर हा भेद न पाळता, आज एकाच संग्रहात आहेत.