भारतीय कथासाहित्यातील जाती, वंश व स्त्री-पुरुष विषमता

जन्माने लाभलेल्या दर्जावरून व्यक्तीचे काम, निवास, विवाह व मान ठरविणे, हे जातिभेद, वंशभेद व स्त्री-पुरुषभेद या तीनही विषमतांचे समान लक्षण होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय भाषांमध्ये कादंबरी व लघुकथा हे वाङ्‌मयप्रकार रुजू लागले, तेव्हापासून या विषमता त्यांचा विषय झालेल्या आहेत. तथापि त्यांचे चित्रण दीर्घकाळ वेगवेगळ्या प्रवाहांत होत राहिले. स्त्रीच्या दुःखाची कथा म्हणजे बहुधा उच्चवर्णीय स्त्रीची कथा आणि अस्पृश्यतेची कथा म्हणजे बहुधा अस्पृश्य पुरुषाची कथा, असा संकेत रूढ झाला. अस्पृश्य मानलेल्या जातीतील स्त्री या दोन्ही कथांच्या कडेला उभी राहिली. स्वतःच्या दृष्टीने जग सांगणारी निवेदक म्हणून तिला कथेच्या मध्यभागी येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. या विषयाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी निवेदकाच्या स्थानात झालेल्या बदलाचा इतिहास होय.

वैचारिक पार्श्वभूमी : वैचारिक गद्यात या विषमतांचे परस्परसंबंध कथासाहित्याच्या कितीतरी आधी ओळखले गेले होते. पुण्यातील फुले यांच्या शाळेची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदय या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाळंतपणाच्या वेळी डोक्यावर छप्परही नसलेल्या स्त्रियांची अवस्था तीत नमूद आहे. जोतीराव फुले यांनी गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण करून जातिदास्य व वंशदास्य यांची तुलना सूचित केली. ताराबाई शिंदे यांच्या स्त्रीपुरुषतुलना (१८८२) या पुस्तकाने स्त्री व पुरुष यांना लावल्या जाणाऱ्या भिन्न नैतिक मापांवर कठोर टीका केली.

सुधारणावादी कादंबरी : बाबा पदमनजी यांची यमुनापर्यटन (१८५७) ही मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी विधवाविवाहास मान्यता देणाऱ्या १८५६ च्या कायद्यापाठोपाठ प्रसिद्ध झाली. हिंदू विधवांची दुःस्थिती हा तिचा विषय आहे. हरि नारायण आपटे यांच्या पण लक्षांत कोण घेतो! (१८९०–९३) या कादंबरीत यमू ही मध्यमवर्गीय ब्राह्मण स्त्री आपली जीवनकथा स्वतः सांगते. घरातील साध्या प्रसंगांतून वाढत जाणारी पराधीनता आणि अखेर विधवेचे केशवपन यांचे चित्र तिच्याच शब्दांत आल्यामुळे वाचकावर त्याचा खोल परिणाम झाला. मलयाळममध्ये ओ. चंदु मेनन यांच्या इंदुलेखा (१८८९) या कादंबरीतील सुशिक्षित नायर नायिका वयस्क व धनवान नंपूतिरीशी संबंध नाकारते. पोथेरी कुञ्ञम्बु यांच्या सरस्वतीविजयम् (१८९२) या कादंबरीत पुलय जातीचा छळ झालेला युवक शिक्षणाने न्यायाधीश होतो. पहिल्या तीन कादंबऱ्यांत स्त्री व चौथीत जात हा केंद्रविषय असून ही विभागणी पुढील अनेक दशके टिकून राहिली.

वंशभेद : वंशाचा प्रश्न भारतीय कथासाहित्यात मुख्यतः ब्रिटिश सत्तेच्या संदर्भात आला. रवींद्रनाथ टागोर यांच्या गोरा (१९१०) या बंगाली कादंबरीचा नायक कट्टर आचारधर्माचा पुरस्कर्ता आहे; परंतु १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत आयरिश आईबापांच्या पोटी आपला जन्म झाल्याचे त्याला अखेरीस कळते. जन्मावर आधारलेल्या शुद्धतेची कल्पना जन्माच्याच पुराव्याने कोसळते. मुल्कराज आनंद यांच्या टू लीव्ह्‌ज अँड अ बड (१९३७) या इंग्रजी कादंबरीत आसामातील चहामळ्याचे चित्र आहे. गोरा अधिकारी मजुराच्या मुलीवर हात टाकू पाहतो, मजूर मारला जातो आणि न्यायालयात अधिकारी निर्दोष सुटतो. वंश, श्रम व स्त्रीदेह यांवरील सत्ता एकाच हाती कशी एकवटते, ते येथे स्पष्ट होते.

सहानुभूतीचा काळ : महाडचा सत्याग्रह (१९२७), पुणे करार (१९३२) आणि त्यानंतरची अस्पृश्यतानिवारणाची चळवळ यांमुळे चौथ्या दशकात जातीचा प्रश्न कथासाहित्यात अग्रभागी आला. शिवराम कारंत यांच्या चोमन दुडि (१९३३) या कन्नड कादंबरीतील चोमाला आपली स्वतःची शेती कसावयाची आहे. परंतु त्याच्या जातीला तो अधिकार नाही. कर्ज फेडण्यासाठी मळ्यावर गेलेल्या त्याच्या मुलीला कर्जमुक्तीची किंमत देहाने मोजावी लागते. आनंद यांच्या अनटचेबल (१९३५) या कादंबरीत बखा या भंगी तरुणाच्या आयुष्यातील एक दिवस वर्णिला आहे. त्याची बहीण सोहिनी हिच्याशी मंदिराचा पुजारी लगट करतो आणि तिने प्रतिकार करताच विटाळ झाल्याचा कांगावा करतो. स्पर्श हवा तेव्हा जात आडवी येत नाही, स्पर्श उघड होताच मात्र ती पुढे केली जाते, हे या प्रसंगाने दाखविले. असे असले, तरी लेखक वाचकाला त्या अपमानाचा अनुभव बखाच्या संतापातून देतो. सोहिनीच्या मनात निवेदन थोडाच काळ रेंगाळते.

प्रेमचंद यांच्या ‘ठाकूर का कुआँ’ (१९३२) या हिंदी कथेत ही मर्यादा काही अंशी ओलांडलेली दिसते. आजारी नवऱ्याला स्वच्छ पाणी मिळावे म्हणून गंगी रात्री ठाकुराच्या विहिरीवर जाते. ती अंधारात लपलेली असताना उच्चवर्णीय घरांतील दोन स्त्रिया पाणी भरण्यास येतात आणि पुरुष आपल्याला दासींप्रमाणे हुकूम सोडतात, अशी आपसांत तक्रार करतात. त्यांचे दुःख खरे आहे; परंतु त्या विहिरीवर उघडपणे येऊ शकतात आणि गंगी येऊ शकत नाही. स्त्री म्हणून असलेले साम्य जातीचे अंतर आपोआप मिटवीत नाही, ही गोष्ट काही ओळींच्या संवादातून व्यक्त झाली आहे. गोदान (१९३६) या कादंबरीत ब्राह्मण मातादीन व चांभार सिलिया यांच्या संबंधांत पुरुष तिच्या श्रमाचा व देहाचा उपभोग घेतो, पण तिच्या हातचे अन्न वर्ज्य मानतो.

मराठीत श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ब्राह्मणकन्या (१९३०) या कादंबरीने मिश्र कुळातील मुलीच्या विवाहाचा प्रश्न समाजशास्त्रीय दृष्टीने मांडला. श्री. म. माटे यांच्या उपेक्षितांचे अंतरंग (१९४१) या संग्रहात अस्पृश्य व भटक्या समाजांतील व्यक्ती कथेच्या नायकपदी आल्या. विभावरी शिरूरकर (मालती बेडेकर) यांच्या कळ्यांचे निःश्वास (१९३३) या कथासंग्रहाने सुशिक्षित अविवाहित स्त्रीची घुसमट निर्भीडपणे प्रकट केली. बळी (१९५०) या त्यांच्या कादंबरीत गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या, काटेरी तारांनी वेढलेल्या वसाहतीचे जीवन आहे. ज्या १८७१ च्या कायद्याने या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला, तो कादंबरीनंतर दोन वर्षांनी रद्द झाला. मध्यमवर्गीय स्त्रीविषयी लिहिणारी लेखिका प्रत्यक्ष कामाच्या अनुभवातून कुंपणाच्या आत पोहोचली, हे बळीचे ऐतिहासिक महत्त्व आहे.

दलित कथासाहित्य : वरील बहुतेक लेखन जातिव्यवस्थेचे आघात न सोसलेल्या लेखकांचे होते. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. अण्णा भाऊ साठे यांच्या फकिरा (१९५९) या कादंबरीतील मांग नायक करुणेचा विषय नसून बंडखोर आहे. बाबुराव बागूल यांच्या जेव्हा मी जात चोरली होती (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात लपवितो व ती उघड होताच मार खातो. प्रथमपुरुषी निवेदनामुळे वाचक प्रेक्षक राहू शकत नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथर संघटनेने आपले नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतले. फुले यांनी सूचित केलेली जाती-वंशांची तुलना अशा रीतीने शतकानंतर साहित्यिक व राजकीय चळवळीत पुन्हा प्रकटली.

या साहित्यातही स्त्री बहुधा मुलाच्या नजरेतून दिसते. बागूल यांच्या ‘आई’ या कथेत कष्टकरी विधवा आईविषयीच्या लोकापवादाने मुलाचे मन पोखरले जाते. कथेची भेदकता निर्विवाद आहे. तथापि आईला काय वाटते, हा प्रश्न पुढील पिढीच्या लेखिकांसाठी शिल्लक राहिला.

दलित व आदिवासी स्त्रीचे निवेदन : महाश्वेतादेवी यांच्या ‘द्रौपदी’ (१९७८) या बंगाली कथेतील संताळ नायिका अत्याचारानंतर वस्त्र नाकारून सेनाधिकाऱ्यासमोर उभी राहते, लज्जेचा भार अत्याचारितेवरून सत्तेकडे सरकतो. शांताबाई कांबळे यांचे माज्या जल्माची चित्तरकथा व बेबी कांबळे यांचे जिणं आमुचं (दोन्ही १९८६) या आत्मकथनांनी मराठीत नवे निवेदन घडविले. बेबी कांबळे यांनी गावाने महारांवर आणि महार पुरुषांनी आपल्या स्त्रियांवर लादलेले दास्य एकाच ग्रंथात नोंदविले. ऊर्मिला पवार यांच्या ‘कवच’ या कथेत आंबे विकणाऱ्या आईशी गिऱ्हाइके द्व्यर्थी बोलतात. मुलाला लाज वाटते. पण आईने त्या बाजारात टिकून राहण्याचे बळ कमावलेले असते. बागूलांच्या कथेतील प्रश्नाला मिळालेले हे एक उत्तर मानता येईल.

तमिळमध्ये पी. शिवकामी यांच्या पळैयन कळिदलुम् (१९८९) या कादंबरीत कातमुत्तु हा दलित पुढारी सवर्णांनी मारहाण केलेल्या विधवेला न्याय मिळवून देण्यासाठी पुढे येतो आणि नंतर तिलाच आपल्या घरात अंकित करतो. त्याचे परीक्षण त्याची मुलगी गौरी करते. समाजाची बदनामी होईल, हा आक्षेप अशा लेखनावर घेतला जाणे स्वाभाविक होते. परंतु बाहेरील अन्यायाविरुद्धचा लढा घरातील अन्याय झाकून पुरा होत नाही, हीच या कादंबरीची भूमिका आहे. बामा यांच्या संगति (१९९४) या पुस्तकात एक नायिका नसून परैयर ख्रिस्ती स्त्रियांच्या अनेक पिढ्यांचे कथन बोलीभाषेत गुंफले आहे. धर्मांतरानेही जात सुटत नाही, हे त्यातून दिसून येते.

विवाह व नियंत्रण : अलीकडील कथासाहित्यात तीनही प्रवाह विवाहसंस्थेपाशी एकत्र येताना दिसतात. जातीची सीमा स्त्रीच्या विवाहावरील नियंत्रणातून राखली जात असल्याने ती ओलांडणारे प्रेम दोघांनाही शिक्षापात्र ठरते. अरुंधती रॉय यांच्या द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज (१९९७) या इंग्रजी कादंबरीत सिरियन ख्रिस्ती अम्मू व परवन जातीचा वेलुता यांच्या संबंधांचा शेवट पोलीस कोठडीतील त्याच्या मृत्यूत आणि तिच्या बहिष्कृततेत होतो. पेरुमाळ मुरुगन यांनी पूक्कुळि (२०१३) मध्ये आंतरजातीय जोडप्याचा गावाकडून होणारा छळ रंगविला. मूल नसलेल्या दांपत्यावरील त्यांच्या मादोरुबागन् (२०१०) या कादंबरीविरुद्ध जातीय संघटनांनी निदर्शने केल्यावर त्यांनी २०१५ मध्ये लेखन थांबविल्याचे जाहीर केले. २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. कथेतील स्त्रीच्या देहावरील हक्काचा प्रश्न अशा प्रकारे लेखकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न बनला.

मूल्यमापन : बाहेरून लिहिणाऱ्यांचे साहित्य अस्सल नसते, असा निष्कर्ष या इतिहासावरून काढता येत नाही. गंगीची विहीर व सोहिनीचे मंदिर ही दृश्ये सहानुभूतीच्या लेखनानेच दिली. मात्र सहानुभूती पीडिताला दृश्य करते, निवेदनाचा अधिकार त्याला जाणता करतो. मुक्ता साळवे हिने १८५५ मध्ये निबंधात मांडलेले दुःख कथासाहित्यात तशाच आतल्या आवाजात उमटण्यास जो काळ लागला, तो या साहित्यप्रकाराच्या वाढीचा आणि त्याच्या वाचकवर्गाच्या मर्यादांचाही मापदंड आहे.